गोळा नव्हता तो

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी विराटचा वाढदिवस होता आणि दुपारी ईडनवर वर्ल्ड कपची आफ्रिकेशी मॅच. हॉलवर सगळ्यांनाच घाई. ‘दोन गेम मारू आणि पळू’ असं ठरवून आम्ही चौघं सात वाजता कोर्टवर उतरलो. वॉर्मअप म्हणजे लेस बांधणे, हीच तोवरची आमची पद्धत. वय ४४, आठवडाभर खुर्चीत बसून काम आणि रविवारी एकदम बॅडमिंटन.

१७-१६ असा स्कोअर होता. मी कोर्टच्या मागच्या टोकाला आणि समोरच्याने नेटजवळ ड्रॉप टाकला. डाव्या पायाने जोर लावून पुढे झेपावलो आणि मागून कोणीतरी पोटरीवर रॅकेट हाणली. ‘फट्’ असा आवाजही ऐकू आला. चिडून मागे वळलो, जोडीदाराला शिवी घालायला. तो बिचारा माझ्यापासून सहा फूट लांब उभा होता. त्याच्या मागे भिंत.

मग पाय टेकवायला गेलो आणि खाली बसलो.

पुढची पाच मिनिटं मी आजही विसरलेलो नाही. दुखणं त्या मानाने कमी होतं, उपचार जास्त होते. ‘गोळा आलाय, गोळा आलाय’ म्हणत तिघं धावले. एकाने बूट काढला, दुसऱ्याने पंजा धरून माझ्याकडे जोरात दाबला, तिसऱ्याने स्प्रे मारून मुठीने पोटरी रगडायला घेतली. सगळे मनाने चांगले. मीही ओरडत होतो ते ‘अजून दाब, सुटेल’ असंच. गोळा आला की पंजा ओढायचा, हे आपल्याला शाळेच्या मैदानापासून शिकवलेलं असतं. आपल्याकडे याला शब्द तरी किती: गोळा, पेटका, वांब. पण स्नायू फाटतो त्याला शब्दच नाही. ‘फाटला’ म्हटलं की कापड डोळ्यांसमोर येतं. ज्याला शब्द नाही ते कुणाला सुचत नाही, आणि फाटलेला स्नायू आम्ही चौघांनी मिळून आणखी ताणला.

एकाच्या स्कूटरवर मागे बसून घरी आलो. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात पाठमोरा बसून, हातांवर जोर देत, एकेक पायरी बुडाने वर चढलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं, बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘उसण भरली का? आमच्या गावाकडचा भाचा पायाळू आहे, बोलावू का? एक लाथ मारली की मोकळा होशील.’’ लाथ पोटरीवर बसणार की कमरेवर, हे विचारायचं राहून गेलं.

आईने तोवर सहाणेवर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळायला घेतलं होतं. मुक्या मारावरचा आमच्या घरचा ठरलेला लेप. त्याने नुकसान काही झालं नाही, पण त्यावर तिने गरम विटेचा शेक द्यायचं ठरवलं तेव्हा बायकोने अडवलं. तिला का अडवावंसं वाटलं ते तिलाही सांगता आलं नाही. पण बरोबर होतं तिचं. आत रक्त वाहत असताना वरून शेक द्यायचा म्हणजे ते आणखी वाहू देणं. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश नाही, ताणणं नाही, असं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. थोडक्यात, तासाभरात आम्ही जे जे केलं होतं ते.

हाडांच्या डॉक्टरांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर. निरोगी पोटरी दोन बाजूंनी दाबली, पंजा हलला. मग दुखरी दाबली. मी ओरडलो, पण पंजा हलला. ‘‘टाचेमागची शीर शाबूत आहे,’’ ते म्हणाले. ती तुटली असती तर पोटरी कितीही दाबा, पाऊल हललं नसतं, आणि मग ऑपरेशनची भाषा सुरू झाली असती. पाच सेकंदांची ही तपासणी. आपल्या पायाचा पंजा हलला याचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

त्याच दिवशी सोनोग्राफी केली. पोटरी म्हणजे एकच गोळा, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वर दिसणारा, दोन फाळ्यांचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस, असे दोन मोठे स्नायू खाली एकत्र होऊन अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, बनते. वरचा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो. गुडघा ताठ, टाच खाली आणि त्याच क्षणी पुढे झेपावायचं, म्हणजे त्याला दोन्ही टोकांनी ओढायचं आणि वर कामही सांगायचं. तो आतल्या बाजूला, स्नायू संपून शीर सुरू होते त्या सांध्यावर, उसवतो. माझा तिथेच उसवला होता, ग्रेड दोन, म्हणजे अर्धवट. दोन स्नायूंच्या मधे रक्ताचा पातळ थर साचलेला पडद्यावर काळा दिसत होता. या दुखापतीला टेनिस लेग म्हणतात. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात धरलेली नाही, पण चाळिशी उलटलेल्यांचा हा ठरलेला आजार, आणि ‘मागून कोणीतरी मारलं’ हे जवळपास प्रत्येक जण म्हणतो, असं सोनोग्राफीवाल्या डॉक्टर हसत म्हणाल्या. त्यांनी डॉप्लरही, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतला, रक्तवाहिनीत गुठळी नाही ना हे बघायला. पोटरी सुजली, तापली, दुखली, तर ते गुठळीनेही होतं आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून ‘पोटरीच तर आहे’ म्हणून घरी बसू नये. गुठळी असलेल्या पोटरीला मालिश करणं म्हणजे जिवाशी खेळ.

कुबड्या, क्रेप बँडेज, दोन्ही बुटांत टाचेखाली रबरी उंचवटा, आणि झोपताना पाय छातीच्या वर. टाच उचललेली राहिली की पोटरीवर ताण येत नाही, एवढंच त्यामागचं गणित. घरात चपला घालून फिरायची परवानगी आईने आयुष्यात पहिल्यांदा दिली. देवघराचा कोपरा सोडून.

मंगळवारी, ७ नोव्हेंबरला, पाय चार उशांवर ठेवून मी मॅक्सवेल बघितला. वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध २९२ हव्या होत्या आणि ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. मग पेटके यायला लागले, हा माणूस खेळपट्टीवर आडवा पडला, पुढचा फलंदाज सीमारेषेपर्यंत येऊन थांबला, आणि उठून त्याने जागच्या जागी उभं राहून षटकार मारायला सुरुवात केली. १२८ चेंडूंत नाबाद २०१. दुसऱ्या टोकाला कमिन्स ६८ चेंडूंत १२ धावांवर. आई एकदा टीव्हीकडे, एकदा माझ्या उशांकडे बघत होती. शेवटी म्हणालीच, ‘‘त्याचाही पायच ना रे?’’

काय सांगणार? तो पेटका होता. पेटक्यात स्नायू अख्खा असतो, फक्त आवळून बसतो आणि सोडत नाही. माझ्यात धागे तुटले होते. मी एका पायावर उभा राहून षटकार मारला असता तर उरलेलेही तुटले असते. हे मी तिला समजावून सांगितलं आणि सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट समजलं. हॉलवरच्या मित्रांचं मात्र वेगळंच. आदल्याच शनिवारी हार्दिक पांड्या स्पर्धेबाहेर गेल्याचं जाहीर झालं होतं. गहुंज्याला बांगलादेशविरुद्ध त्याचा घोटा दुखावला होता. त्यामुळे ग्रुपवर माझं नाव ‘पांड्या’ पडलं. घोटा वेगळा, पोटरी वेगळी, पण कोण ऐकतंय.

चौथ्या दिवशी घोटा निळा-जांभळा झाला. लागलं होतं वर आणि डाग खाली, म्हणून घरात पुन्हा घबराट. साचलेलं रक्त कातडीखालून खाली उतरतं, पाणी उताराकडे जातं तसं. नंतर ते हिरवं, मग पिवळं झालं. दिवाळीत माझ्या पायाला सगळे रंग होते.

नरक चतुर्दशीच्या पहाटे स्टुलावर बसून अभ्यंगस्नान केलं. आईने सगळ्या अंगाला तेल लावलं, डावी पोटरी तेवढी तिने स्वतःच सोडली. भाऊबिजेला पाटाऐवजी खुर्ची. ताई ओवाळत होती आणि आत टीव्हीवर न्यूझीलंडविरुद्धची सेमीफायनल चालू होती. विराटच्या पन्नासाव्या शतकाला मी उठून उभा राहिलो. उभा राहिल्यावर लक्षात आलं की कुबडी खुर्चीलाच टेकलेली आहे आणि मी तिच्याशिवाय उभा आहे. दुखलं नाही.

इथेच माझी चूक सुरू झाली.

तिसऱ्या आठवड्यात लंगडणं थांबलं. चौथ्यात मी जिना सरळ उतरायला लागलो, गाडी चालवायला लागलो. डावा पाय म्हणजे क्लच, त्यामुळे तोवर रिक्षाच होती. पाचव्या आठवड्यात पोटरीत काही म्हणजे काही नव्हतं. दाबली तरी दुखेना. फिजिओथेरपीची चिठ्ठी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दिली होती. मी दोनदा गेलो आणि ‘आता काय, बरंच झालंय’ म्हणून सोडून दिलं. १० डिसेंबरला, बरोबर पाच आठवड्यांनी, हॉलवर गेलो. फक्त डबल्स, फक्त नेटजवळ, उड्या नाहीत, अशी स्वतःलाच घातलेली अट. दुसऱ्या गेमला एक शटल डोक्यावरून मागे गेलं. आपण काय ठरवलंय हे शरीराला कुठे माहीत असतं? दोन पावलं मागे धावलो, पुन्हा पुढे ढकललो गेलो, आणि त्याच जागी, जरा खाली, चिमटा बसला. या वेळी आवाज नव्हता. पण मी ओळखलं. पंजाला कुणालाही हात लावू दिला नाही.

घरी पोचल्यावर पाय दुखत होता, त्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. बायको काही बोलली नाही. तिने कुबड्या माळ्यावर टाकल्याच नव्हत्या, दाराच्या मागेच होत्या.

फिजिओ मॅडम वयाने माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘उजव्या पायावर उभे राहा, भिंतीला दोन बोटं टेकवा, टाच पूर्ण वर, खाली. मोजा.’’ सत्तावीस झाल्या. ‘‘आता डावा.’’ ही तपासणी त्यांनी दुसऱ्या दुखापतीनंतर दोन आठवडे थांबून केली, जेव्हा चालताना पुन्हा काहीच दुखत नव्हतं. चार. पाचव्या वेळी टाच निम्म्यात थरथरली आणि खाली आली. कुठेही दुखत नव्हतं. ताकदच नव्हती. मग त्यांनी टेप लावली, उजवी पोटरी ३८ सेंटिमीटर, डावी ३६. ‘‘दुखणं थांबतं ते तिसऱ्या आठवड्यात. त्याला विचारून कोर्टवर जायचं नसतं. या आकड्याला विचारायचं,’’ असं म्हणून त्यांनी वहीत २७ आणि ४ लिहिलं.

ती शंभर पानी वही मी अजून ठेवली आहे. तिच्यात दुसरं काही नाही, फक्त आकडे.

व्यायाम सांगायला अगदी साधे, करायला कंटाळवाणे. पहिला, बसून. खुर्चीत बसायचं, गुडघ्यावर वजन ठेवायचं आणि टाच उचलायची. गुडघा वाकलेला असला की वरचा स्नायू सैल पडतो आणि काम खालच्या सोलियसवर येतं. मला वाटे, फाटलाय वरचा, खालच्याला कशाला शिक्षा? तर धावताना सोलियसला शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट जोर लावावा लागतो आणि तो थकला की वरच्याच्या वाट्याला जास्त येतं. वजन म्हणून मी तांदळाची दहा किलोची पिशवी गुडघ्यावर ठेवायचो. जानेवारीत गव्हाचं पोतं आलं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘‘तुझं झालं असेल तर तांदूळ दे, कुकर लावायचाय.’’

दुसरा, उभ्याने, गुडघा ताठ. आधी दोन्ही पायांवर, मग दोन्हीवर वर जाऊन एकावर खाली, मग एकावरच. नंतर जिन्याच्या पायरीच्या कडेवर, टाच पायरीच्या खाली जाऊ देत. वर जायला एक सेकंद, खाली यायला तीन. एक दिवसाआड. रोज करू नका, हे मला चार वेळा बजावावं लागलं, कारण आपल्याला व्यायाम म्हणजे रोजचा रतीब वाटतो. दुखण्याचाही एक नियम होता. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलाला जाणवलं तर कालचं जास्त झालं. सकाळचं पहिलं पाऊल खोटं बोलत नाही. मला त्या पावलाची इतकी सवय लागली की आजही उठलो की आधी डावा पाय टेकवतो आणि क्षणभर थांबतो.

मी त्यांना बर्फाबद्दलही विचारलं होतं, कारण डॉक्टर ‘लावा’ म्हणाले होते आणि यांचा त्यावर फारसा भर नव्हता. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला आवडली. विश्रांती, बर्फ, बँडेज, पाय वर, हा जगभर पाठ झालेला मंत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये दिला, आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फाने, आणि नुसत्या विश्रांतीनेही, बरं व्हायला उशीर होऊ शकतो. सूज हीदेखील दुरुस्तीचीच पहिली पायरी आहे. दुखणं असह्य झालं तर थोडा वेळ बर्फ लावावा, बाकी पायाला लवकरात लवकर जमेल तेवढं काम द्यावं, असं आता बरेच जण सांगतात. छत्तीस वर्षांनी स्वतःचं म्हणणं मागे घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटला. मला पाच आठवड्यांचं मागे घेणं जड जात होतं.

जानेवारी अखेरीस डावीचा आकडा बारा. मध्यंतरी आठ दिवस तो बारावरच बसून होता, त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एका रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो. चढताना ऐट होती. उतरताना पोटरी ओढायला लागली, कारण उतरताना ती लांब होत होत वजन पेलते, ब्रेक लावल्यासारखी. माझ्या शेजारून एक सत्तरीचे आजोबा उतरून गेले, पुन्हा चढून आले, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा शेजारून जाताना त्यांनी ‘‘सावकाश’’ म्हटलं.

फेब्रुवारीत तळजाईच्या टेकडीवर धावायला सुरुवात. धावणं म्हणजे एक मिनीट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. बायको सोबत चालत असायची, आणि माझ्या पळण्याचा आणि तिच्या चालण्याचा वेग बघता आम्ही फार लांब कधी गेलो नाही. मग जागेवर उड्या, दोन पायांवर वीस, एका पायावर पाच. दोरीवरच्या उड्या मी लहानपणी बहिणींचा खेळ म्हणून टाळल्या होत्या. ४४व्या वर्षी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, शिकलो. पहिल्या एका पायाच्या उडीआधी मी गच्चीवर दहा मिनिटं नुसता उभा होतो. पाय तयार होता, वही सांगत होती, पण डोकं तो ‘फट्’ पुन्हा ऐकत होतं. याचा व्यायाम मॅडमच्या यादीत नव्हता. शेवटी खालच्या काकू पापड घेऊन वर आल्या, त्यांच्यासमोर नुसतं उभं राहायची लाज वाटली म्हणून उडी मारली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डावीच्या पंचवीस झाल्या, उजवीच्या तीस. उजवीही त्याच व्यायामाने वाढली, त्यामुळे हे म्हणजे पुढे पळणाऱ्याला गाठण्यासारखं होतं. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण आधी दोन आठवडे कोर्टवर नुसती पावलं, शटलशिवाय. रिकाम्या कोर्टवर हवेत रॅकेट फिरवणारा माणूस कसा दिसतो हे मला मित्रांनी व्हिडिओ काढून दाखवलं.

३१ मार्चला पहिला खरा गेम. २१-९ ने हरलो. एका ड्रॉपला मी पोचू शकलो असतो आणि गेलो नाही, आणि जोडीदाराने ‘जाऊ दे’ म्हटलं.

हॉलवर आता दहा मिनिटं वॉर्मअप होतो. सगळे करतात असं नाही. मी करतो, दोघं माझी नक्कल म्हणून करतात, पण करतात. व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे, तांदळाची पिशवी आता वीस किलोची.

परवा शेजारच्या कोर्टवर कॉलेजचा एक मुलगा खेळता खेळता पोटरी धरून खाली बसला. ‘गोळा, गोळा’ म्हणत त्याचे मित्र धावले, एकाने पंजा धरलाही. मी रॅकेट टाकून तिकडे गेलो आणि त्याचा हात धरून थांबवला.

‘‘मागून कुणी मारल्यासारखं वाटलं का रे?’’

मुलगा माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला. ‘‘नाही काका.’’

‘‘काही आवाज?’’

‘‘नाही. पण लवकर काहीतरी करा ना!’’

मी त्याची पोटरी बोटांनी चाचपली. दगडासारखी कडक, अख्खी, आणि आत उड्या मारत होती.

‘‘ओढा,’’ मी त्याच्या मित्राला म्हटलं.